घरची नोंद

"परीक्षा गेली," ट्रकमधून उतरता उतरता ड्रायव्हर म्हणाला.

"कुठं गेली?" लांबूनं विचारलं.

"मला काय विचारतोस? वरून गेली. आता पोरांना कार्डं. ही तुझ्या घरची दोन."

लांबूनं हात लुंगीला पुसले, पण कार्डं घेतली नाहीत. मिठाचे हात कितीही पुसले तरी ओलेच राहतात, आणि शाळेचा कागद म्हटला की तो अजून हात मागं घ्यायचा. लहानपणी तो चौथीत नापास झाला होता. मास्तरांनी भर वर्गात नाव वाचलं, बापानं दारातच ते ऐकलं, आणि दुसऱ्या दिवसापासून पोरगं मिठागरावर फळी ओढायला लागलं. तेव्हापासून ओढतच होता. उंच माणूस, वाकून वाकून पाठीला बाक आला होता, तरी सगळे त्याला लांबूच म्हणत. त्यामुळे परीक्षा गेली असेल तर तिच्यासाठी तो काही टिपं गाळणार नव्हता.

झालं होतं असं, की राजधानीत कुठं तरी शहाण्या माणसांची समिती बसली होती. तिनं ठरवलं, की एका दिवसाच्या पेपरावरून पोराला पास-नापास करायचं, हे काही खरं नाही. वर्षभर त्याच्याकडे बघावं, ते काय करतं ते लिहावं आणि त्यावरून त्याची पायरी ठरवावी. पायऱ्या चार. बीज, अंकुर, रोप आणि झाड. जिथं गवताची काडी उगवत नाही, तिथं ही कार्डं ट्रकनं आली. शेजारच्या वाफ्यावरचा म्हातारा म्हणालासुद्धा, की आमच्या पोरांना खडा, टोपली, ढीग असं काही तरी लिहा ना, आम्हालाही कळेल. यावर सगळे हसले. समितीचं मात्र काही चुकलं होतं असं नाही. आता पोरांकडे वर्षभर बघायचं म्हणजे बघायचंच, त्यात वाईट काय?

लांबूच्या घरी दोन कार्डं आली, तिथं मात्र चुकलं होतं. धाकटीचं यायला हवं होतं, ते आलं. मोठीचं यायला नको होतं.

मोठी हंगामाच्या सुरुवातीलाच गेली होती. गावातून येऊन महिना होतो न होतो तोच तिला ताप भरला. साधा ताप, उतरेल, असं सगळेच म्हणाले. तिसऱ्या दिवशी भर दुपारी अवेळी पाऊस कोसळला. पाणी आटून पहिलं मीठ नुकतंच बसलं होतं, त्याच्या ढिगांवर ताडपत्र्या टाकायच्या होत्या, नाही तर महिन्याची मेहनत पाण्यात जाणार होती. लांबू धावला, त्याची बायको धावली. झोपडीत मोठीजवळ धाकटीला बसवलं होतं. ताडपत्र्या उडत होत्या, बांध फुटत होते, आणि दोघं नवरा-बायको गुडघाभर पाण्यात मीठ वाचवत होते. मीठ वाचलं नाही. परत आले तेव्हा मोठीही नव्हती.

बांधापलीकडच्या उंचवट्यावर तिला ठेवून आले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाफे बांधायला घेतले. बायको रडली नाही. बायका कुजबुजल्या, की दगड आहे ही. लांबूला ते ऐकू आलं, पण तो तरी काय बोलणार? गाव लांब, शाळा लांब. शाळेतले जुने मास्तर त्याच सुमारास निवृत्त झाले आणि नव्या बाई आल्या. ट्रकचा ड्रायव्हरही थंडीत नवा लागलेला. त्याला लांबूच्या झोपडीशी एकच पोरगी दिसायची, कार्डं दोन का, हे त्यानं विचारलं नाही. मोठी गेली हे गावात कोणी कळवलं नाही. मुद्दाम लपवलं असं नव्हे. सांगायला जायचं कुणी आणि कोणत्या तोंडानं, असंच ते राहून गेलं.

लांबू म्हणाला, "हे एक परत ने."

पण बायकोनं दोन्ही कार्डं आधीच हातात घेतली होती.

ती सातवीपर्यंत शिकलेली. मिठागरावर कुणाला चिठ्ठी वाचून हवी असली की तिच्याकडे येत. संध्याकाळी चूल पेटवल्यावर तिनं कार्डं मांडीवर घेतली. कार्डाच्या मागच्या बाजूला एक चौकट होती, वर लिहिलं होतं, घरची नोंद. कामासाठी बाहेरगावी गेलेली पोरं बाईंच्या डोळ्यांसमोर नसतात, म्हणून पालकांचेच डोळे शाळेनं आपले मानले होते. या महिन्यात पोरानं घरी काय केलं, काय नवं शिकलं, ते आई-बापांनी लिहायचं. बाई ते वाचून पायरी ठरवणार.

धाकटीच्या चौकटीत बायकोनं दोन शब्द लिहिले. मोठीचं कार्ड मात्र तिच्या मांडीवर बराच वेळ पडून होतं. मग ती लिहायला लागली. लांबू चुलीपाशी बसून बघत होता. एवढं काय लिहितेय, असं त्याला वाटलं. गेली, हे लिहायला एवढ्या ओळी लागतात?

"लिहिलंस?" त्यानं विचारलं.

"लिहिलं."

"तिच्याही कार्डावर?"

"विचारलंय, म्हणून लिहिलं."

लांबूला हायसं वाटलं. एकदाचं सांगून झालं, आता शाळेतून पुन्हा कागद यायचा नाही, असं तो धरून चालला.

पण पुढच्या ट्रकनं दोन्ही कार्डं परत आली.

त्या वेळी बायको पाण्यासाठी रांगेत होती. लांबूला अक्षरं लागायची, पण वाक्य होईपर्यंत जीव जायचा, म्हणून त्यानं धाकटीला बोलावलं. धाकटी नऊ-दहा वर्षांची, काडीसारखी, बडबडी. तिचे तळवे या हंगामात पहिल्यांदाच फुटले होते. भेगांत मीठ गेलं की ती एका पायावर उभी राहायची आणि विचारलं तर म्हणायची, मी बगळा झालेय.

"वाच गं."

"हे मोठीचं आहे, आबा." ती थांबली. "वाचू?"

"वाच."

"'मुलगी जबाबदार आहे. निरीक्षण चांगलं. आईच्या नोंदीवरून कष्टाळू वाटते. पायरी, अंकुर.'"

लांबूचे हात फळीवर होते तिथंच राहिले. धाकटीनं कार्ड उलटून आईचं अक्षर वाचायला घेतलं. "'पहाटे उठून पाणी आणते. हात खाऱ्या पाण्यात बुडवून उन्हात धरते आणि कातडीवर पांढरं कसं चढतं ते बघून मीठ कधी बसेल ते सांगते.' आबा, हे तर मी करते."

"हं."

"'टोपल्या पाच-पाचच्या रांगेत मांडते, म्हणजे मोजायला बोटं लागत नाहीत.' हेही मीच."

"तुझ्या कार्डावर काय आहे?"

धाकटीनं ते वाचलं. आईनं लिहिलं होतं, 'बरी आहे.' आणि खाली बाईंनी लिहिलं होतं, 'पायरी, बीज. पालकांनी या मुलीकडे अधिक लक्ष द्यावं.'

"बघा म्हणजे," धाकटी म्हणाली आणि हसली. हसल्यावर तिनं बापाच्या तोंडाकडे बघितलं आणि कार्डं त्याच्यापुढं ठेवली.

दुपारी फळी ओढता ओढता लांबूनं विषय काढला. नवरा-बायको एकाच वाफ्यात, ती एका टोकाला, तो दुसऱ्या. मीठ ओढायचं म्हणजे लाकडी फळी कमरेला टेकवून मागं मागं चालत जायचं. समोरचं दिसतं, मागचं दिसत नाही.

"हे बरं नव्हे," तो म्हणाला.

"काय?"

"मेलेल्या पोरीचं कार्ड भरतेस."

बायको थांबली नाही. "कोरं पाठवू? कोरं गेलं की बाई विचारणार. विचारलं की सांगावं लागणार. मी नाही सांगायची. तुम्ही सांगा."

लांबूनं फळी वाफ्याच्या टोकापर्यंत नेली आणि वळवली.

"ड्रायव्हर आहे, त्याच्याजवळ निरोप द्या. नाही तर अंगठा उठवून कागद द्या. मी लिहिणार नाही, पण तुमचा हात धरणार नाही."

त्यानं निरोप दिला नाही. दरवेळी ट्रक आला की तो ड्रायव्हरपाशी जायचा, इकडचं तिकडचं बोलायचा आणि मूग गिळून परत यायचा. आपल्या तोंडानं ते म्हणायचं म्हणजे पुन्हा एकदा उंचवट्यावर जाऊन येणं, ते त्याच्यानं होईना.

आणि कार्डावर मोठी वाढत होती. उन्हाळा चढला तसा वाऱ्याला खारट धार आली, ओठ फुटले, आणि मोठी अंकुरावरून रोपावर गेली. बायकोनं तिचा निळा फ्रॉक पेटीतून काढला, खालची दुमड उसवली आणि लांबी वाढवली. कुणासाठी, हे लांबूनं विचारलं नाही. जेवायला बसताना ती थोडी सरकून बसे, बाजूला कुणी बसणार असल्यासारखी. कधी फळी ओढता ओढता हाक मारायची, "मोठे, ऊन लागेल, सावलीत बस." आणि धाकटी टोपली खाली ठेवून मुकाट सावलीत जाऊन बसायची.

लांबूला पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा त्याची फळी वाकडी गेली.

"तुला हाक मारली का तिनं?" त्यानं पोरीला नंतर विचारलं.

"नाही."

"मग का गेलीस?"

धाकटीनं खांदे उडवले. "कुणी तरी जायला पाहिजे ना. नाही तर आई परत परत हाक मारते."

माध्यान्ही मिठागराकडे बघवत नाही. सगळं पांढरं, वर पांढरं, खाली पांढरं, डोळ्यांतून पाणी गळायला लागतं. अशा वेळी लांबूला बायकोच्या बाजूला कधी एक पोरगी दिसायची, कधी दोन. उन्हाची तिरीप, दुसरं काय. डोळे चोळले की एकच राहायची. पण चोळायच्या आधी क्षणभर तो ते तसंच राहू द्यायचा. हे तो कुणाला सांगणार? बायकोला हसायचा त्याला अधिकार नव्हता.

हंगाम संपत आला तेव्हा कार्डासोबत बाईंचं पत्र आलं. बायकोनंच ते वाचून दाखवलं, आवाज न हलवता. मोठी झाड या पायरीवर पोचली होती. मिठागरावरच्या पोरांत तीच पहिली. नव्या पद्धतीत अशा पोरांसाठी निवासी शाळा काढली होती. राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं तिथंच, थेट दहावीपर्यंत. पेपर नाही, नुसती पायरी बघायची. जागा एकच होती, आणि बाईंनी मोठीचं नाव धाडलं होतं. आता एकच काम उरलं होतं. मुलीला प्रत्यक्ष पाहिलं, अशी सही बाईंना करायची होती. त्यासाठी पुढच्या ट्रकनं त्या स्वतः येणार होत्या.

"झालं," लांबू म्हणाला. "आता सांगावंच लागणार."

"काय सांगणार?"

"खरं ते."

"आणि मग जागा?"

"धाकटीला द्या म्हणू. केलं सगळं तिनंच. तू तिचंच तर लिहीत होतीस."

बायकोनं धाकटीचं कार्ड त्याच्यापुढं टाकलं. "वाचायला जड जातं, पण बघता तर येतं? वर्षभर बीज. बीजाला कोण घेतं? आणि बाईंना काय सांगाल, बायकोनं वर्षभर खोटं लिहिलं? मग त्या आपल्या कुठल्या पोरीचं काही खरं मानतील? तिचंही जाईल, हिचंही जाईल."

लांबूनं दाराबाहेर बघितलं. झोपडीबाहेर धाकटी एका पायावर उभी राहून दुसऱ्या तळव्याच्या भेगेत तेल घालत होती. पुढच्या हंगामापर्यंत त्या भेगा बुजतील, आणि पुन्हा फुटतील, मग बुजणार नाहीत. त्याच्या स्वतःच्या पायांत काचेचा तुकडा घुसला तरी आता कळत नसे. पोरीचे पाय असे होऊ नयेत, एवढं एकच त्याला या जगाकडून हवं होतं.

"ती जाईल," बायको म्हणाली. "तिच्या नावानं जाईल. सारख्याच दिसतात दोघी."

दिसतात, असं म्हणाली ती. लांबूनं ते ऐकलं आणि सोडून दिलं.

"आणि बाईंनी विचारलं, धाकटी कुठंय, तर?"

"मामाकडे गेली म्हणायचं."

धाकटीला सांगायचं काम लांबूवर आलं. तो तिला बांधावर घेऊन गेला, शब्द जुळवत राहिला, आणि ती मध्येच म्हणाली, "मी मोठी व्हायचंय ना? मला येतं." इतकं सहज म्हणाली, की लांबूला दुसरीकडे बघावं लागलं.

"तिथं गेल्यावर मीठ नसेल ना, आबा?"

"जेवणात असेल तेवढंच."

"मग चालेल," धाकटी म्हणाली.

बाई आल्या त्या दिवशी वारा पडलेला होता. वयानं लहान बाई, खांद्याला जड पिशवी. उतरल्या उतरल्या त्यांच्या चपलेत मीठ शिरलं आणि त्या लंगडत झोपडीपर्यंत आल्या. बायकोनं उलट्या टोपलीवर गोणपाट टाकून त्यांना बसायला दिलं. लांबू दारात उभा राहिला. ड्रायव्हर ट्रकच्या सावलीत आडवा झाला होता, शेजारची माणसं लांबच्या वाफ्यांत होती, त्यांच्याकडून काही धोका दिसत नव्हता.

निळा फ्रॉक घातलेली धाकटी पुढं आली.

"नाव सांग, बाळ," बाई म्हणाल्या.

तिनं नाव सांगितलं. मोठीचं. कित्येक महिन्यांत ते नाव त्या झोपडीत कुणी उच्चारलं नव्हतं. हाक मारायचे ते मोठी म्हणूनच. बायकोनं चुलीतलं लाकूड उगाच आत सारलं.

"घाबरू नकोस हं. ही परीक्षा नाही," बाई हसून म्हणाल्या. "मला नुसतं बघायचंय. तू आईबरोबर काय करतेस ते दाखव."

धाकटी त्यांना वाफ्यावर घेऊन गेली. मनगटापर्यंत हात पाण्यात बुडवला, उन्हात धरला, पांढरं चढेपर्यंत थांबली आणि म्हणाली, उद्या नाही, परवा बसेल. टोपल्या मांडून दाखवल्या. बाईंनी एक गोष्ट वाचायला दिली, ती तिनं न अडखळता वाचली. हिशेब घातले, ते तोंडानं केले. एक चुकला, तर स्वतःच जीभ चावून पुन्हा केला. बाईंचा चेहरा उजळत गेला. लांबू मागून चालत होता, आणि खोटं सांगायचं नाही, त्याची छाती भरून आली होती. हे सगळं त्या पोरीचं स्वतःचं होतं. नाव सोडून सगळं तिचं होतं.

"अगदी आईनं लिहिलंय तशीच आहे," झोपडीत परत आल्यावर बाई म्हणाल्या. "मला जरा शंका होती. आया लाडानं वाढवून लिहितात. पण तुम्ही एक अक्षर जास्त लिहिलेलं नाही."

बायको म्हणाली, "नाही."

बाईंनी सही केली. लांबू दारातून बाजूला सरला. पण बाई उठल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून दुसरं कार्ड काढलं.

"आणि धाकटी कुठाय?"

"मामाकडे गेली," बायको म्हणाली.

"कधी?"

"झाले काही दिवस."

"कुठल्या गावी? तिथली शाळा सांगा मला." बाईंनी पेन उघडलं. "आता पूर्वीसारखं नाही हो. पूर्वी मूल परीक्षेला आलं तर आलं, नाही तर वही मिटली. आता एकही मूल मध्येच सुटता कामा नये. आणि खरं सांगू? मला हिची काळजीच नाही. मला तिची आहे." त्या कार्डाकडे बघत होत्या. "वर्षभर बीज. दर महिन्याला 'बरी आहे', 'बरी आहे'. दोघी एकाच घरात, एकाच आईच्या. मग त्या पोरीकडे कुणी बघतच नाही का, असं मला सारखं वाटत राहतं. राग मानू नका. मी परवा सुट्टी काढून तिच्या मामाकडे जाऊन येते. गाव कुठलं?"

बायकोनं लांबूकडे बघितलं. लांबूनं बायकोकडे. सांगायचं तर कुठल्याही गावाचं नाव सांगता आलं असतं, पण बाई तिथं जाणार होत्या. जाणाऱ्यांतल्याच होत्या त्या. लांबूच्या मनात आलं, आताच सांगावं, ही समोर आहे तीच ती, हिच्याकडे बघा, वर्षभर हिच्याकडे कुणी बघितलं नाही हे खरं आहे. त्यानं तोंड उघडलंसुद्धा.

"ती मामाकडे नाही," धाकटी म्हणाली. "ती वारली."

बाईंचा हात थांबला.

"आई तसंच सांगते सगळ्यांना. मामाकडे गेली म्हणून. कार्डावर 'बरी आहे' लिहिते. ती वारली. ताप आला होता."

"कधी गं?"

"पाऊस आला तेव्हा. आई-आबा मीठ झाकायला गेले होते. मी तिच्याजवळ होते." धाकटी निळ्या फ्रॉकची कड बोटांना गुंडाळत होती. तिचा आवाज हिशेब सांगत होती तसाच होता. "ती विचारायची, आई आली का? मी म्हणायचे, येतेय. मग परत विचारायची. खूपदा विचारलं. मग म्हणाली, तू खोटं बोलतेस, आई येत नाहीये. म्हणून मी बोलवायला गेले. बांधापर्यंत गेले. पावसात काही दिसत नव्हतं. हाका मारल्या, त्या कुणाला ऐकू नाही गेल्या. परत आले तर ती दाराकडे तोंड करून पडली होती. दाराजवळ आली होती सरपटत. मी तिला ओढून परत जागेवर निजवलं. म्हणजे आई आली की तिला वाईट वाटायला नको."

लांबूनं आणि बायकोनं आजवर पोरीला हे विचारलंच नव्हतं. परत आले तेव्हा मोठी जागेवर निजलेली होती, तोंडावर पांघरूण, शांत. ती झोपेतच गेली असं ते समजून होते, त्यावरच ते दोघं आजपर्यंत उभे होते.

बायकोच्या घशातून आवाज आला. आधी तो माणसाचा वाटलाच नाही. ती जागची उठली, धाकटीवर जाऊन पडली, तिला छातीशी धरून गदागदा हलवायला लागली. "धाकटे," ती ओरडली. "धाकटे गं. माझी धाकटी गं." आसवं, शेंबूड, सगळं त्या पोरीच्या केसांत. पोरगी तिच्या मिठीत ताठ उभी होती, आणि आईच्या खांद्यावरून बाईंकडे बघत होती, आपलं बरोबर आलं का, हे बघत असल्यासारखी.

बाई रडत होत्या. "माझं चुकलं," त्या म्हणत होत्या. "मी असं विचारायला नको होतं. रडू द्या त्यांना. रडल्या नसतील कधी." त्यांनी लांबूकडे बघितलं, आणि लांबूनं मान हलवली. नाही रडली, हे तरी खरंच होतं.

मग बाईंनी डोळे पुसले आणि धाकटीचं कार्ड मांडीवर घेऊन त्यावर एक आडवी रेघ मारली. खाली काही लिहिलं, तारीख घातली. काय लिहिलं ते लांबूला लागलं नाही, पण रेघ कळायला वाचावं लागत नाही. तो ती रेघ ओढली जाताना बघत राहिला. अजूनही बोलता आलं असतं. बाई कार्ड पिशवीत घालत होत्या तोवर बोलता आलं असतं, त्या चपला झटकत होत्या तोवर, ट्रक वळत होता तोवर. जाताना त्यांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आता तिच्या वाटचंही तुलाच शिकायचंय." पोरगी म्हणाली, "हो, बाई."

ट्रक गेला. धूळ उडत नाही तिथं, नुसता चाकांचा ओला पट्टा राहतो. बायको झोपडीत भिंतीकडे तोंड करून पडली होती, तिचं रडणं आता हुंदक्यांवर आलं होतं. लांबूनं फळी उचलली. वाफा अर्धा ओढायचा राहिला होता, आणि तो तसाच ठेवला तर मीठ खाली धरतं, मग सुटत नाही. तो मागं मागं चालत एक रांग ओढून गेला, दुसरी ओढली. पोरीनं निळा फ्रॉक काढून रोजचा घातला होता आणि ती पलीकडच्या बांधावर टोपल्या मांडत होती, पाच-पाचच्या रांगेत, त्याच्याकडे पाठ करून.

ढीग झाला होता, भरायला टोपली हवी होती. त्यानं हाक मारायला तोंड उघडलं.

धाकटे, असं जिभेवर आलं आणि तिथंच थांबलं. बाई नुकत्याच गेल्या होत्या, पुढच्या ट्रकनं तिला जायचं होतं, सवय आजपासूनच करायला हवी होती. मोठे, असं म्हणून बघावं म्हणून त्यानं श्वास घेतला. ते तर त्याच्यानं होण्यातलंच नव्हतं. ऊन डोळ्यांत जात होतं. पोरगी वाकली होती, उठली, पुन्हा वाकली. तो तोंड उघडं टाकून बराच वेळ तसा उभा राहिला.

"ए पोरी," शेवटी तो म्हणाला. कुणाच्याही पोरीला म्हणतात तसं.

ती टोपली घेऊन आली.